कॉन्ट्रॅक्टवर आहे म्हणून २६ आठवड्यांची मॅटर्निटी लीव्ह मिळणार नाही, असं एचआर म्हणतंय. खरं काय?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पुण्यात साधारण ३५ माणसांच्या डिझाईन कंपनीत नोकरी, मागच्या १ ऑक्टोबरपासून एक वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर, ते ३० सप्टेंबरला संपतंय, पगार ४२ हजार, पहिलंच बाळ, ड्यू डेट १५ सप्टेंबर. एचआर म्हणतंय की कॉन्ट्रॅक्टवाल्यांना कंपनी पॉलिसीप्रमाणे १२च आठवडे, तेही फक्त बेसिकवर, ३० सप्टेंबरनंतर आमचा संबंध नाही, आणि सगळ्यात सोपं म्हणजे आत्ताच रिझाइन करा, जानेवारीत परत घेऊ.

यातलं एकही वाक्य बरोबर नाही. मी लहान-मध्यम कंपन्यांचं पेरोल आणि लेबर कम्प्लायन्स बघते, म्हणजे बहुतेक वेळा टेबलाच्या त्या बाजूला, मालकाच्या बाजूला बसलेली असते, त्यामुळे ही वाक्यं कुठून येतात तेही मला माहितीये. पॉलिसी आणि कायदा यात लोक गल्लत करतात, त्यातून हे सगळं सुरू होतं. पॉलिसीने कायद्यापेक्षा जास्त देता येतं, कमी देता येत नाही, तुमची सही घेऊन सुद्धा नाही.

आधी कायदा कुठला ते. १९६१ चा मॅटर्निटी बेनिफिट अॅक्ट, ज्यात २०१७ ला दुरुस्ती होऊन १२ चे २६ आठवडे झाले (१ एप्रिल २०१७ पासून), तो आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये विलीन झालाय आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. घाबरू नका, २६ आठवडे, ८० दिवस कामाची अट, नोकरीवरून न काढणं हे सगळं तसंच्या तसं पुढे आलंय. बदललंय ते मुख्यतः वेतनाच्या व्याख्येत आणि दंडात, ते खाली सांगते. एचआरने "जुना कायदा रद्द झालाय" असं ऐकवलं तर शांतपणे सांगा की हो, आणि त्याच्या जागी आलेल्यातही हेच लिहिलंय.

लागू कोणाला? कारखाना, खाण, मळा असेल तर सरसकट. दुकान किंवा ऑफिस असेल तर मागच्या १२ महिन्यांत कुठल्याही एका दिवशी १० किंवा जास्त माणसं कामाला असली की पुरे. आज ९ आहेत म्हणून सुटका नाही. आणि त्या दहात फक्त लॅपटॉपवाले नाही मोजायचे, चहा देणारा मुलगा, ड्रायव्हर, रिसेप्शनिस्ट सगळे आले. तुमच्याकडे ३५ आहेत, विषय संपला.

मग तुमची बाजू: ड्यू डेटच्या आधीच्या १२ महिन्यांत या कंपनीत किमान ८० दिवस काम झालेलं हवं. भरपगारी सुट्ट्या त्यात धरल्या जातात. तुम्ही ऑक्टोबरपासून आहात म्हणजे हे कधीच पूर्ण झालं. बाकी कसलीच अट नाही. पर्मनंट हवं, कन्फर्मेशन झालेलं हवं, एक वर्ष पूर्ण हवं, लग्नाचं सर्टिफिकेट हवं, जॉईन होताना प्रेग्नंट नव्हती हे दाखवायला हवं, हे सगळं मी लोकांच्या पॉलिसी डॉक्युमेंटमध्ये वाचलंय आणि यातलं काहीही कायद्यात नाही. कायद्यात शब्द आहे "स्त्री", विवाहित स्त्री असं कुठेच म्हटलेलं नाही. कॉन्ट्रॅक्ट, टेम्पररी, डेली वेज, सगळ्यांना लागू. दिल्ली महापालिकेच्या मस्टर रोलवरच्या रोजंदारी बायकांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००० सालीच हे सांगितलंय. एक मात्र बघून घ्या, तुमचं कॉन्ट्रॅक्ट थेट कंपनीशी आहे की मधल्या एजन्सीशी, कारण एजन्सीच्या पेरोलवर असाल तर पत्र आधी एजन्सीला द्यायचं आणि कॉपी कंपनीला.

आता २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, त्यातले डिलिव्हरीच्या आधी जास्तीत जास्त ८ आठवडे घेता येतात. जास्तीत जास्त, घ्यायलाच पाहिजेत असं नाही. तुमची तारीख १५ सप्टेंबर, म्हणजे लवकरात लवकर २१ जुलैपासून सुट्टी सुरू करता येईल आणि ती १८ जानेवारीला संपेल. तब्येत साथ देत असेल आणि तुम्ही सप्टेंबरपर्यंत काम केलंत तर उरलेले सगळे आठवडे बाळासोबत, हे गणित तुमचं, एचआरचं नाही. ते १२ आठवडे कुठून आले तर दोन किंवा जास्त हयात मुलं असतील तेव्हा पुढच्या वेळी १२ आठवडे असतात (त्यातले आधी ६), दत्तक आणि सरोगसीसाठीही १२. पहिल्याच वेळी जुळं झालं तरी २६च, पण त्यानंतरच्या बाळंतपणाला १२. तुमच्या केसमध्ये हा आकडा कुठेच बसत नाही.

कॉन्ट्रॅक्ट ३० सप्टेंबरला संपतंय हा तुमच्या प्रश्नातला खरा नाजूक मुद्दा, आणि इथे बरेच वकीलसुद्धा अडखळायचे. सुट्टी सुरू झाली, मधेच करार संपला, मग पुढचे पैसे कोण देणार? यावर सुप्रीम कोर्टाचा ऑगस्ट २०२३ चा डॉ. कविता यादव केसचा निकाल आहे. दिल्लीच्या एका हॉस्पिटलमध्ये त्या करारावर सिनियर रेसिडेंट होत्या, करार ११ जून २०१७ ला संपत होता आणि त्यांनी सुट्टी मागितली होती १ जूनपासून. हॉस्पिटल म्हणालं ११ दिवसांचे पैसे घ्या, पुढे तुम्ही आमच्याकडे नाही. कोर्टाने सांगितलं की पात्रता एकदा पूर्ण झाली की लाभ पूर्ण काळाचा द्यायचा, कराराची मुदत संपली तरी. तुमच्याकडे २१ जुलैला सुट्टी सुरू झाली काय किंवा १० सप्टेंबरला झाली काय, ३० सप्टेंबर ही तारीख पैशाच्या आड येत नाही. हां, एक वेगळं समजून घ्या: करार पुढे रिन्यू करायलाच पाहिजे असं या निकालात नाही. पैसे पूर्ण मिळणार, नोकरी पुढे राहीलच याची हमी त्यातून मिळत नाही. मात्र दरवर्षी सगळ्यांचा करार रिन्यू होतो आणि नेमका तुमचाच झाला नाही तर तो मुद्दा उचलता येतो, म्हणून आधीच्या रिन्यूअलचे मेल, अप्रेझलचे चांगले शेरे, टीममधल्या बाकीच्यांचं काय झालं, हे जपून ठेवा. ऑफिसच्या मेलवरून स्वतःच्या मेलवर आजच पाठवा, अॅक्सेस गेल्यावर काही हाती लागत नाही. (क्लायंटचं गुपित काही पाठवू नका फक्त, नाहीतर ते तेच धरून बसतील.)

आणि आता त्या राजीनाम्याबद्दल. कृपा करून देऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या केसेस कायद्यात कमी आणि इथे जास्त हरतात. कंपनीने प्रेग्नंट बाईला काढून टाकलं तर कायदा तिच्या बाजूला घट्ट उभा आहे, सुट्टीवर असताना काढणं किंवा नोटीस देणं बेकायदा, तिच्या सेवाशर्ती वाईट करणं बेकायदा, आणि सुट्टीच्या आधी गरोदरपणातच काढलं तरी एरवी मिळाला असता तो लाभ द्यावाच लागतो. गंभीर गैरवर्तनाचा अपवाद आहे पण तो लेखी ऑर्डर काढून, कारण देऊन. म्हणून काढायची हिंमत कोणी करत नाही, काढण्याऐवजी राजीनामा मागतात, गोड बोलून, "तुझ्याच सोयीसाठी", "रेकॉर्ड क्लीन राहील". एकदा तुम्ही स्वतःच्या हाताने "पर्सनल रीझन" असं टाईप करून सेंड केलंत की नंतर ते दबावाखाली होतं हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर, आणि बाळ दीड महिन्याचं असताना ते कोण करत बसतं. जानेवारीत परत घेऊ हे तोंडी आश्वासन आहे, जानेवारीत तो एचआर मॅनेजर तिथे असेल की नाही हेही माहीत नाही. तुम्हाला खरंच नोकरी सोडायची असेल तर सुट्टी पूर्ण करून, पैसे घेऊन, मग नोटीस पिरियड देऊन सोडा. "सुट्टीनंतर वर्षभर काम केलं नाही तर पैसे परत" असले बॉन्डही लिहून घेतात, त्याला कायद्यात आधार नाही, सही करायची गरज नाही.

पैशाचं गणित जरा सावकाश वाचा कारण इथेच नवीन संहितेने थोडा गोंधळ केलाय. रोजचं सरासरी वेतन काढायचं ते सुट्टी सुरू होण्याच्या लगेच आधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांवरून. प्रश्न असा की वेतन म्हणजे काय. तुमच्या स्लिपवर बेसिक १४ हजार, एचआरए (म्हणजे घरभाडे भत्ता) ७ हजार आणि स्पेशल अलाउन्स २१ हजार असं तुम्ही लिहिलंय. जुन्या कायद्याच्या व्याख्येत घरभाडे भत्ताही धरलेला होता, म्हणजे सरळ ४२ हजार. नव्या संहितेत एचआरए, प्रवासभत्ता, ओव्हरटाईम, कमिशन असे काही घटक नावं घेऊन बाहेर काढलेत, आणि हे बाहेर काढलेले घटक एकूण मोबदल्याच्या ५०% च्या वर गेले तर वरची रक्कम परत वेतनात धरायची. पण नीट बघा, त्या बाहेर काढलेल्या यादीत "स्पेशल अलाउन्स" नावाचं काही नाहीये. कंपनीने नुसतं बेसिक कमी दाखवायला घातलेला तो आकडा, तो वेतनातच येतो. म्हणजे नव्या व्याख्येने फार तर तुमचे ७ हजार बाहेर जातील, उरले ३५ हजार. एचआर म्हणतंय १४. ढोबळ सहा महिने धरले तर ८४ हजार आणि २ लाख १० हजार, एवढा फरक आहे हा. मी माझ्या क्लायंटना सांगते की पूर्ण ग्रॉसच द्या, दर महिन्याचा पगार चालू ठेवा, उगाच व्याख्येवरून भांडत बसू नका, आणि तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये किंवा हँडबुकमध्ये "फुल पे" असं कुठे लिहिलेलं असेल तर तेच द्यावं लागेल.

रोजंदारीवाल्या किंवा पीस रेटवाल्या (नगावर पैसे मिळणाऱ्या) कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी वेगळी एक जागा आहे जिथे पैसे कापले जातात. समजा रोज ९०० रुपये. मुकादम किंवा अकाउंटंट रविवार सोडून आठवड्याचे ६ दिवस धरतो, २६ गुणिले ६ म्हणजे १५६ दिवस, १ लाख ४० हजार ४०० रुपये. चुकीचं आहे. आठवडा सातच दिवसांचा, १८२ दिवस, १ लाख ६३ हजार ८००. फरक २३,४०० रुपयांचा. सहा दिवस की सात, हा वाद कोइम्बतूरच्या लेबर कोर्टातून निघून सुप्रीम कोर्टात गेला होता, बी. शाह केस, १९७७, आणि तिथे कायमचा मिटलाय. तरी अजून लोक १५६ ने गुणतात.

पगार २१ हजारपर्यंत असेल आणि ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापली जात असेल तर हे सगळे पैसे कंपनी नाही, ईएसआयसी देते, तेही २६ आठवडेच. तिथे अट ८० दिवसांची नाही, मागच्या दोन कॉन्ट्रिब्युशन पिरियडमध्ये (एक पिरियड सहा महिन्यांचा) मिळून ७० दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन. अशा वेळी बाईने सगळ्यात आधी काय करावं तर पोर्टलवर जाऊन बघावं की आपल्या पगारातून कापलेले ०.७५% आणि मालकाचे ३.२५% खरंच भरले गेलेत का. स्लिपवर कापलेलं दिसतं आणि पोर्टलवर शून्य दिसतं, असंही होतं. हे सातव्या महिन्यात कळण्यापेक्षा तिसऱ्यात कळलेलं बरं.

याशिवाय काही गोष्टी ज्या सहसा कोणी मागत नाही. कंपनीने फुकट प्रसूतीपूर्व-प्रसूतीनंतरची वैद्यकीय सोय केली नसेल तर ३,५०० रुपये मेडिकल बोनस, रक्कम आजच्या हॉस्पिटल बिलापुढे हास्यास्पद आहे पण हक्काची आहे. गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे आजारपण आलं, वेळेआधी डिलिव्हरी झाली तर आणखी एक महिन्यापर्यंत भरपगारी. परत आल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन नर्सिंग ब्रेक, पगार न कापता. ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघर, तुमच्याकडे ते लागू नाही. बोनस आणि ग्रॅच्युइटीसाठी सुट्टीचा काळ नोकरीतच धरला जातो. तुमची पीएल, सिक लीव्ह यातून २६ आठवडे वळते करता येत नाहीत.

आणि गर्भपात. याबद्दल कोणी विचारतच नाही म्हणून मुद्दाम लिहिते. आपोआप झालेला असो किंवा कायदेशीर करून घेतलेला, पुराव्यासह ६ आठवडे भरपगारी सुट्टी हा हक्क आहे. होतं काय की बाईला ऑफिसमध्ये कोणाला सांगायचं नसतं, ती चार दिवस व्हायरल फीव्हर म्हणून टाकते आणि पाचव्या दिवशी येऊन बसते. एचआरलाही बऱ्याचदा हे कलम माहीत नसतं, ते सिक लीव्हमध्ये ढकलतात, संपली की विदाऊट पे. डॉक्टरांचं सर्टिफिकेट फक्त एचआरच्या एका माणसाला द्या, कारण गोपनीय ठेवा असं लिहून द्या, टीम लीडला नुसतं "मेडिकल लीव्ह" कळलं तरी चालतं.

लॅपटॉपचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत पण तो येणारच. "घरीच तर आहेस, दिवसातून दोन तास क्लायंटचा कॉल घे." डिलिव्हरीनंतरचे पहिले ६ आठवडे तुमच्याकडून काम करून घेणं मालकाला मनाई आहे, तुम्ही हो म्हणालात तरी. त्यानंतरही सुट्टी ती सुट्टीच. २६ आठवडे संपल्यावर वर्क फ्रॉम होम दोघांच्या संमतीने ठरवता येतं, कायद्यात तशी तरतूद आहे, पण ते सुट्टीनंतर, सुट्टीच्या ऐवजी नाही. आणि तुम्हीही या काळात बाहेरची फ्रीलान्स कामं घेऊ नका, सुट्टीत दुसरीकडे काम केलं तर त्या काळाचा लाभ जाऊ शकतो, उगाच त्यांच्या हातात कोलीत कशाला.

मालकांची बाजू मी रोज ऐकते, तीही सांगते. १२-१५ जणांचं ऑफिस चालवणारा माणूस मला फोनवर म्हणतो, मॅडम सहा महिने तिचा पगार, वर बदलीच्या माणसाचा पगार, मी आणू कुठून. त्याचं म्हणणं खोटं नाही. ईएसआयसीच्या बाहेर गेलं की सगळा बोजा एकट्या मालकावर पडतो हा आपल्या कायद्यातला जुना दोष आहे, आणि त्यामुळे काही जण लग्न झालेल्या मुलींना इंटरव्ह्यूलाच बोलवत नाहीत, तोंडावर सांगत नाहीत एवढंच. गंमत म्हणजे ही चर्चा आपल्याकडेच सुरू झालीय. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांसाठीचं प्रसूती लाभ विधेयक आलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना म्हटलं होतं की आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, त्यामुळे याचा मोठा भार खरं तर सरकारने उचलायला हवा. १९२९ ला मुंबई प्रांताचा कायदा झाला, देशातला पहिला, आणि भार मालकावरच राहिला, अजून तसाच आहे. पण म्हणून मालकाने तो तुमच्यावर ढकलायचा हे उत्तर नाही. जे मालक मला आधी विचारतात त्यांना मी सांगते की पगाराच्या बजेटमध्ये दरवर्षी थोडी तरतूद करून ठेवा, बदलीचा माणूस फिक्स्ड टर्मवर घ्या, आणि नोकरीवर घेतानाच या लाभांची माहिती लेखी द्या, तसं करणं बंधनकारकच आहे.

आता करायचं काय. आज किंवा उद्या एचआरला मेल टाका, डायरेक्टरला सीसी. लांबलचक नको, कायद्याची भाषणं नको. अशा स्वरूपाचं: "माझी अपेक्षित प्रसूतीची तारीख १५ सप्टेंबर आहे, डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत जोडलंय. सामाजिक सुरक्षा संहितेनुसार मी अमुक तारखेपासून २६ आठवड्यांची प्रसूती रजा घेत आहे. या काळात मी इतर कुठल्याही आस्थापनेत काम करणार नाही. लाभाची रक्कम माझ्या नेहमीच्या पगार खात्यात जमा करावी." बस. यात "विनंती आहे", "कृपया मंजुरी द्यावी" असं लिहू नका, ही नोटीस आहे, अर्ज नाही. पुढे कधी सुट्टीची तारीख बदलायची असेल तर दुसरा मेल. कायद्याप्रमाणे डिलिव्हरीआधीच्या काळाचे पैसे आगाऊ आणि नंतरचे, बाळ झाल्याचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत मिळायला हवेत. दर महिन्याला पगारासारखे घेणं तुम्हाला सोयीचं असेल तर तसं लिहून द्या. नोटीस द्यायला उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण उशीर कशाला करायचा.

राजीनाम्याबद्दल तोंडी बोलणं झालंय ना, तर त्याच दिवशी वेगळा एक साधा मेल: "आज आपल्या बोलण्यात तुम्ही मला राजीनामा देऊन जानेवारीत परत यायचं सुचवलंत, माझी तशी इच्छा नाही." उत्तर येवो न येवो, तारीख पडली.

पंधरा दिवसांत काही हललं नाही तर एक रिमाइंडर, मग लेखी तक्रार तुमच्या भागाच्या सहाय्यक कामगार आयुक्त कार्यालयात, कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयात. सोबत अपॉइंटमेंट लेटर, तीन महिन्यांच्या स्लिपा, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि हे मेल. वकील लागतोच असं नाही. तिथला अधिकारी चौकशी करून पैसे द्यायचा आदेश काढू शकतो. लाभ नाकारल्याचं किंवा काढून टाकल्याचं पत्र हातात आलं तर त्यावर अपिलाची मुदत ६० दिवस आहे, ती चुकवू नका, बाळंतपणाच्या धावपळीत ती सहज निघून जाते, म्हणून नवऱ्याला किंवा भावाला आत्ताच सांगून ठेवा. न देणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बहुतेक वेळा प्रकरण तिथपर्यंत जातच नाही, कामगार कार्यालयाचं पहिलं पत्र आलं की कंपनीचा सीए मालकाला फोन करतो आणि पैसे जमा होतात.

मेलवर त्यांचं उत्तर काय आलं ते खाली लिहा, नावं काढून, मग पुढचं बघू.